आमचा चौकशीमास्तर

माझ्या धाकट्या भावाला, वसंताला, दिंडोशीच्या कॉलनीत सगळे चौकशीमास्तर म्हणत. कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी मालाडच्या बाजारात तीन टोपल्यांपाशी भाव विचारून तो पुन्हा पहिलीकडे यायचा. भाजीवाली म्हणायची, "मास्तर, तुमची चौकशी होईस्तोवर जुडी सुकली." तो शांतपणे म्हणायचा, "मग सुकलेलीचा भाव सांग."

पंखा घेण्याआधी खालच्या बिऱ्हाडात बसून त्याने त्यांचा पंखा दुपारभर ऐकला होता. "दुकानदार खोटं बोलेल, पंखा नाही बोलणार," असं त्याचं म्हणणं.

ही चौकशी फक्त माझ्यापाशी बंद पडायची. गिरणी बंद झाल्यावर वडील खचले, लवकर गेले. तेव्हापासून घरात माझा शब्द शेवटचा. त्यात मी बँकेतला. खरं तर एका लहानशा सहकारी बँकेच्या काउंटरवर पासबुकं भरता भरता निवृत्त झालो. पण घरच्यांच्या लेखी पैशातलं सगळं कळणारा माणूस म्हणजे मी.

वसंताच्या मुलीला, अस्मिताला, इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं होतं. दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक विद्यापीठाचा विभाग, फी परवडणारी. दुसरी नावाजलेली खाजगी संस्था. तिच्या फीसाठी राहती खोली विकावी लागणार होती. बापलेक मुलुंडला माझ्याकडे आले.

"दादा, तू बँकेत होतास. तू सांगशील ते," वसंता म्हणाला.

"मोठे काका, मी विद्यापीठातच जाते. खोली राहू दे ना," अस्मिता म्हणाली.

मला त्या धंद्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तसं कबूल करायला जीभ रेटली नाही. "तुला काय कळतं गं? या लाइनीत नाव बघतात, नाव," मी म्हणालो. वसंताने मान डोलावली. खोली विकून ते नालासोपाऱ्याला भाड्याने राहायला गेले.

संस्थेचं नाव मोठंच होतं. पण बड्या कंपन्या यायच्या त्या तिथल्या जुन्या कोर्ससाठी. अस्मिताचा कोर्स नवा. तिच्या वर्गाकडे कोणी फिरकलं नाही. तिथल्या एखाद्या मुलाला आधी विचारलं असतं, तरी कळलं असतं.

शेवटच्या वर्षी वसंताचे सारखे फोन. "दादा, तुझ्या ओळखीत कोणी आहे का रे?" मी "बघतो" म्हणायचो. ओळख कसली असणार? मग तिचा बायोडेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो मालाडच्या काचेच्या ऑफिसांपाशी जाऊ लागला. एकदा मी सोबत होतो. वॉचमन म्हणाला, "काका, ऑनलाइन टाका ना."

"टाकून झालं रे. आत कोणी माणूस भेटेल का?"

पुढच्या गेटवर पुन्हा तेच. मी रिक्षातून उतरलो नाही. पुढे तो एकटाच जात राहिला, आणि तसल्याच एका गेटपाशी कोसळला.

तेराव्याच्या पंगतीत आमचा चुलतभाऊ म्हणाला, "पोरीच्या हट्टापायी खोली गेली, आता माणूसही गेला." सगळ्यांनी माना हलवल्या. नातेवाइकांत आजही हेच बोललं जातं, म्हणून लिहितोय. हट्ट तिचा नव्हता. ती नको म्हणत होती, मी तिला गप्प केलं.

पंगतीत अस्मिताच वाढत होती. हप्ते थकलेल्या लोकांना दिवसभर फोन करण्याची नोकरी तिला नुकतीच लागली होती. चुलतभावाचं बोलणं तिने ऐकलं. माझ्या पानाशी येऊन थांबली. मी आता काही बोलेन, असं तिला वाटलं असावं. मग हळूच म्हणाली, "काका, आमटी वाढू?"

मी वाटी पुढे केली.