दारावरची खुर्ची

धुळ्याच्या दवाखान्यातून पुष्पाबाईंना घरी आणलं तेव्हा योगेंद्रनं घरात आधीच उलथापालथ करून ठेवली होती. खाटेच्या पायांखाली विटा रचून ती उंच केली होती. मोरीच्या कोपऱ्यात कमोडची खुर्ची आली होती. पायांमध्ये ठेवायची जाड उशी, वॉकर, पाठ टेकायची हातांची खुर्ची, सगळं भिंतीशी मांडलेलं होतं. फक्त चुलीपुढचा पाट जागेवर नव्हता. घरात पाऊल टाकल्या टाकल्या पुष्पाबाईंनी त्या पाटाचीच चौकशी केली. माळ्यावर टाकलाय, लागेल तेव्हा काढू, असं योगेंद्रनं सांगितलं.

पुष्पाबाईंच्या डाव्या खुब्याचा गोळा झिजून गेला होता. निंदणीला जन्मभर उकिडवं बसलेल्या बाईला कंबर दुखण्याचं नवल नसतं, म्हणून दोन वर्षं त्यांनी ते वातावर ढकललं. लेप लावले, शेक घेतला, लंगडत शेतात गेल्या. पाय उचलेनासा झाला तेव्हा मुलानं धुळ्याला नेलं. खुबा बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि नंतरचे नियमही सांगितले. पुढं वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. जमिनीवर बसायचं नाही, आणि हे शेवटचं कायमचं.

योगेंद्र शिंदखेड्याला कृषी केंद्रावर काम करतो. गिऱ्हाइकाला नको असलेली गोष्ट गोड करून सांगणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. जमिनीवर बसायचं नाही हे आईला त्यानं सांगितलं, पण कायमचं हा शब्द वगळून तिथं तीन महिने घातले. तिनं ऑपरेशनला हो म्हणावं एवढाच त्याचा हेतू होता, आणि ती हो म्हणाली.

पहिले आठवडे वाईट गेले. टाके निघाले, पोटातली इंजेक्शनं संपली, पण दिवस संपत नसत. उताणं पडून पत्रे बघायचे, टाच ओढायचा व्यायाम करायचा, वॉकर धरून दारापर्यंत जायचं आणि घामाघूम होऊन परत यायचं. कमोडचं भांडं सून नूतन उचलून नेई. ती जळगावची, बारावी झालेली, तोंडानं चकार शब्द काढत नसे. पुष्पाबाईंना तिचं तेच न बोलणं अंगावर येई. त्यांनी पाणी पिणं कमी केलं. मग खडा धरला, आणि नूतनला एनिमा आणावा लागला. त्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून पडायला गेल्या, तर तेही मनाई होतं, म्हणून डोळ्यांवर पदर ओढून घेतला.

बघायला येणारे केळी आणि बिस्किटांचे पुडे आणत आणि खुबा बदलल्यावर कुणाचं काय वाईट झालं ते सांगत बसत. रोज नेमानं येई ती फक्त बेबाबाई.

बेबाबाई म्हणजे धाकटी जाऊ, दीर लोटनची बायको. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. एका चुलीवर त्यांनी बरीच वर्षं स्वयंपाक केला, मग घरं वेगळी झाली, मग नळाच्या जागेवरून अबोलाही झाला. तो मोडला तो बेबाबाईची मुलगी रूपामुळं. पुष्पाबाईंना मुलगी नव्हती. रूपा मोठमायच्या, म्हणजे पुष्पाबाईंच्या, ताटात जेवायची आणि मोठमायच्याच गोधडीत झोपायची. अबोल्याच्या काळातही ती पोर मधल्या भिंतीला वळसा घालून ये-जा करी. लग्न होऊन ती जळगावजवळ आसोद्याला गेली, नवऱ्याच्या, ज्ञानेश्वरच्या, केळीच्या बागांमध्ये रमली, तिकडच्या हेलात बोलायला लागली आणि दोन्ही जावांच्या चेष्टेचा विषय झाली.

बेबाबाई चहा घेऊन दारातूनच खुर्चीवरच्या जावेला चिडवत आवाज देई. "पाटलीनबाई, च्या लई येऊ का?"

"मना पाय बरा व्हऊ दे, मंग दखाडस तुले," पुष्पाबाई म्हणत.

"पाय बरा व्हई तव्हय दखाडजो. आते तोंड उघाड."

मग ती जमिनीवर फतकल मारून बसे, आणि पुष्पाबाई वरून तिच्या केसांतल्या भांगाकडे बघत चहा पीत. तीन महिने झाले की मी पण खाली बसणार, असं त्या सांगत. बेबाबाईला खरं ठाऊक होतं की नाही, ते आता कळायला मार्ग नाही.

या भागात मयताच्या घरी बसायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. पुरुष ओट्यावर बसतात, तंबाखू मळतात, पाण्याचं, कापसाचं बोलतात. बायकांचं तसं नसतं. येणारी बाई दारातच गळा काढते, घरातली बाई तिला जमिनीवर ओढून गळ्याशी घेते, आणि दोघी रडतात ते नुसते हुंदके नसतात. गेलेल्या माणसाला उद्देशून सांगणं असतं, की तू असा होतास, तू हे अर्धवट सोडलंस, आता हिनं कुणाकडं बघावं. पुष्पाबाईंना हे येत असे. कुणाला पहिल्यांदा गळ्याशी घ्यायचं, कुणाला रडू द्यायचं, कुणाला पाणी पाजून थांबवायचं, हे त्यांना सासूनं शिकवलं होतं. सासरहून लेक आली की घरातल्या वडील बाईनं तिचा गळा आधी घ्यायचा, हा त्यातला पहिला नियम. गावात टेंपो भरून बायका दारावर निघाल्या की पुष्पाबाईंची जागा राखलेली असे. नवरा गेला तेव्हा त्यांच्यासाठी तीन तालुक्यांतल्या बायका आल्या होत्या.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी बेबाबाईनं चहा दिला, डावा हात भरून आल्यासारखा वाटतो म्हणाली, आणि हंडा भरायला गेली. नळाशीच बसली. लोटन आणि शेजारचे तिला शिंदखेड्याला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

भिंतीपलीकडून पहिला आवाज आला तो पुष्पाबाईंनी खाटेवर पडून ऐकला. कुणी येऊन सांगायच्या आधीच त्या उठून बसल्या आणि नूतनला म्हणाल्या, माळ्यावरचा पाट काढ.

नूतननं कारण विचारलं. आज खाली बसावं लागेल, पाटावर बसले तर तेवढं खाली जावं लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. तीन महिने अजून भरले नाहीत, पण एका दिवसानं काय होतंय.

नूतननं माळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, ते तीन महिन्यांचं खोटं आहे. जन्मभर खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. बसलात तर गोळा निसटेल."

"योगूले माहीत व्हतं?"

"त्यांनीच लपवलं."

पुष्पाबाईंनी वॉकर मागितला. पाटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

हातांची खुर्ची नूतननं उचलून नेली आणि लोटनच्या अंगणात, मांडवाच्या लाकडी डांबाशी ठेवली. मधोमध बेबाबाईला निजवलं होतं. भोवती बायका दाटीनं बसल्या होत्या. पुष्पाबाई आल्या तशी वाट झाली, पण त्या खुर्चीवर टेकल्या आणि वाट पुन्हा बुजली. वरून त्यांना सगळ्यांची डोकी दिसत होती. नवीन बाई आली की दारात गळा काढी, खाली बसलेल्यांपैकी कुणीतरी तिला ओढून घेई, आणि ती बाई पुष्पाबाईंकडे बघून नुसती मान हलवी. वाकून उभ्यानं गळा धरणं कुणाला जमलं नाही. एकीनं धरायचा प्रयत्न केला, तर तिचं कपाळ त्यांच्या गुडघ्यावर आपटलं आणि नूतननं घाईनं तिला मागं केलं. नंतर कुणी त्या बाजूला फिरकलं नाही.

पुष्पाबाईंना रडू येत नव्हतं. हात खुर्चीच्या हातांवर होते आणि त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

मागं भिंतीशी दोघी बोलत होत्या, हळू, पण ऐकू जाईल इतपत.

"खुर्चीवर बठीसन कोनी रडस का?"

"तिना खुबा बदलेल शे ना वं."

"गळा तं नही ना बदलेल."

नूतननं वळून बघितलं. पुष्पाबाईंनी बघितलं नाही. नळावरून झालेला जुना अबोला गावाला माहीत होता, आणि तो आज कुणाकुणाला आठवत असणार हेही त्यांना माहीत होतं.

रूपासाठी सगळं थांबलं होतं. जळगावहून निघाल्याचा फोन आला, मग अमळनेर सोडल्याचा. दुपार कलायला लागली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. ज्ञानेश्वरनं दार उघडायच्या आत रूपा उतरली होती. अंगणाच्या दारात तिनं एकदा सगळीकडे बघितलं. तिची नजर खुर्चीवर आली आणि तिथं थांबली. मग ती आईकडे धावली आणि आईच्या पायांशी कोसळली.

बायका सरकल्या. रूपानं डोकं वर केलं आणि हात पुढं केले, कुणाकडे असे नाही, समोर जे असेल त्याकडे. बेबाबाईची भावजय, म्हणजे रूपाची मामी, अर्धवट उठली आणि थबकली. मान मोठ्या जावेचा होता. सगळ्या खुर्चीकडे बघत होत्या.

पुष्पाबाईंनी डाव्या हातानं मांडवाचा डांब धरला आणि खाली सरकल्या. नूतन पाणी आणायला आत गेली होती. अडवणारं कुणी नव्हतं, आणि का अडवायचं हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. जमीन लागली तसे त्यांचे पाय सवयीनं एका बाजूला दुमडले. रूपाला त्यांनी गळ्याशी ओढलं. रूपाचं सगळं वजन त्यांच्या मांडीवर आलं आणि आत काहीतरी जागेवरून सटकलं.

त्यांनी किंकाळी फोडली. अंगणात त्या वेळी सगळ्याच रडत होत्या, आणि ती किंकाळी त्यात गेली. मग शब्द आले. तुझ्या लेकीला आता चहा कोण विचारील, तिकडून आली तर कुणाच्या दारात उतरेल, मोठीच्या आधी जायची घाई तुला कुणी सांगितली होती. रूपाला त्यांनी सोडलं नाही. पुष्पाबाई शेवटी कशा रडल्या, याची गावात नंतर बरीच वाखाणणी झाली.

आतून आलेल्या नूतननं मात्र तो आवाज ओळखला. तिच्या हातातला तांब्या कुणीतरी घेतला. तेवढ्यात पुरुषांनी उचलायची वेळ झाल्याचं सांगितलं, मामीनं रूपाला बगलेत धरून उठवलं, आणि बायका गल्लीच्या कडेपर्यंत जायला निघाल्या. अंगण रिकामं झालं. पुष्पाबाई डांबाला टेकून बसल्या होत्या. डावं पाऊल आत वळलं होतं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा अंत्ययात्रा गल्लीतच होती. तिला वाट मिळेपर्यंत थांबावं लागलं.

धुळ्याला त्यांना भूल देऊन गोळा ओढून बसवला. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचा सांगाडा बांधला आणि पुन्हा उताणं पडायला सांगितलं. पुन्हा निसटला तर परत कापावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा ते किती टिकेल याची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी ते योगेंद्रला नाही, थेट पुष्पाबाईंना सांगितलं.

योगेंद्रनं विचारणाऱ्यांना वेगळं सांगितलं. अंगण रिकामं झाल्यावर खुर्चीवरून उठताना पाय घसरला, म्हणाला. आई गेल्याच्या दुःखात रूपाला आणखी ओझं नको, असं त्याचं म्हणणं होतं. त्यांना खाली बसताना बघितलेल्या बायकांनाही गोळा तेव्हाच निसटला हे कळलं नव्हतं, त्यामुळं ते खपलं.

सुतक संपवणारा गंधमुक्तीचा कार्यक्रम पुष्पाबाईंनी घरी परत येऊन खाटेवरून ऐकला. भिंतीपलीकडे भांडी वाजली, पंगती उठल्या, शांत झालं. दुसऱ्या दिवशी आसोद्याला परत निघण्याआधी रूपा बघायला आली. चेहरा सुजलेला होता. नूतननं तिला स्टूल दिलं. रूपानं सांगाड्याच्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि योगूभाऊनं सांगितलं ते ऐकलं, म्हणाली.

"तू खुर्चीवर व्हतीस तेच बरं, मोठमाय. तुले मी दारमाईन दखं. मंग माले काहीच याद नही. कोना गळा धरा तेबी याद नही. मामीच व्हई."

खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली नूतन काहीतरी बोलायला निघाली. पुष्पाबाईंनी तिच्याकडे बघितलं. नूतन चहा टाकायला आत गेली.

रूपा बोलत राहिली. शेवटी खुर्चीवरून उठायची घाई कशाला केलीस, कुणाला तरी हाक मारायची होतीस, असं तिनं मोठमायला रागावून घेतलं. पुष्पाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी आसोद्यात केळीची कापणी सुरू झाली का, ते विचारलं.

एक बाग कापून झाला, दुसरा चालू आहे, असं रूपानं सांगितलं. बाहेर ज्ञानेश्वरनं गाडी सुरू केली तशी ती उठली, वाकून पाया पडली आणि चहा न घेताच गेली.