सुधाकररावांचे उलटे डाइम

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून आला होता.

साधीसुधी फजिती नाही ही. मी एका दिवंगत, सज्जन माणसाला थोर संशोधक करून टाकलं, तेही साउथहॅम्प्टनच्या निम्म्या मराठी मंडळासमोर!

झालं असं. आमच्या वसुधाताई घर विकून बेसिंगस्टोकला मुलीकडे, म्हणजे नेहाकडे, राहायला निघाल्या होत्या. तिथे त्यांना एकच खोली, म्हणून सामानाची छाटणी चाललेली. त्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत सगळे अमेरिकन डाइम, म्हणजे दहा सेंटची नाणी. त्यांचे यजमान सुधाकरराव बंदरावरच्या एका कॅफेत गल्ल्यावर असत. डाइम दिसायला आपल्या पाच पेन्सएवढाच, त्यामुळे बोटीतून उतरलेल्या अमेरिकन आज्या पर्सच्या तळातली चिल्लर खुशाल खपवायच्या. सुधाकरराव गल्ल्यात स्वतःचे पाच पेन्स टाकायचे आणि डाइम घरी आणायचे.

"जन्मभर भंगार गोळा केलं ह्यांनी," ताई म्हणाल्या. "मिलिंद, तू नाण्यांबद्दल वाचतोस ना? बघून सांग. काही विशेष असेल तर नेते. नाहीतर चॅरिटी शॉपला."

म्हणाल्या खऱ्या, पण डबा हातातून सुटत नव्हता. मलाच तो हळूच ओढून घ्यावा लागला.

घरी येऊन भिंग घेतलं. मी वाचून वाचून शिकलेला माणूस, त्यामुळे चूक होऊ नये याची मला भारी काळजी! नक्षीप्रमाणे ढीग लावले. आधी डोक्यावर पानांची माळ घातलेली स्वातंत्र्यदेवी. मग पंखांच्या टोपीतली. या टोपीपायी भलेभले तिला रोमन देव समजतात. मी फसलो नाही. शेवटी राष्ट्राध्यक्षांचा चेहरा, मागे मशाल.

आणि मग मी एक पंखवाली उलटली, पुस्तकाचं पान उलटतो तशी. मागच्या बाजूला काठ्यांची मोळी होती, ती कुऱ्हाडीसकट शीर्षासनात!

आता तुम्हीच खिशातलं पाच पेन्सचं नाणं काढा. राजा असो की राणी, डोकं वर ठेवा आणि पान उलटल्यासारखं उलटा. मागचं चित्र सरळच दिसतं ना? आपल्या रुपयाचंही तसंच. म्हणजे हे नाणं टांकसाळीतच चुकलेलं. आणि चुकलेली नाणी दुर्मिळ असतात, हे मी वाचलेलं होतं.

दुसरं उलटलं. तेही उलटं. मशालवाला घेतला, तर मशालीचं तोंड जमिनीकडे. डब्यातला एकूण एक डाइम उलटा!

इथे एखाद्या शहाण्याने काय निष्कर्ष काढला असता? मी काढला तो असा, की सुधाकरराव गर्दीतही एका नजरेत चुकलेलं नाणं हेरायचे आणि तेवढंच वेचायचे. भंगार कसलं, ही तर साधना!

बायको म्हणाली, आधी कुणाला तरी विचार. मी म्हटलं, माझ्याहून जास्त वाचलेलं इथे आहे कोण?

ताईंना फोन केला. सगळं सांगितलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "आणि मी त्यांना काय काय बोलले रे."

त्यांच्या निरोपाच्या जेवणाला मी दोन शब्द बोलायचं ठरलं. मी चार पानं लिहून नेली, डबाही नेला. श्रीखंड संपता संपता सगळे इतके भारावले, की मंडळाच्या वाचनालयाला सुधाकररावांचं नाव द्यायची सूचना आली. नेहा डोळे पुसत म्हणाली, "बाबाचा एवढा मोठा हॉबी होती, मला कधी टोल्डच नाही केलं."

आता शेवट झोकात करायचा, तर साधा, सरळ डाइम दाखवायला हवा. नेहा ऑफिसच्या कामाने नुकतीच अमेरिकेला जाऊन आली होती. तिने पर्समधून चकचकीत नवे दोन काढून दिले. मी एक उंच धरला. "आणि हा बघा, बिनचूक डाइम." उलटला.

मशाल खाली.

दुसरा घेतला. तोही तसाच. मी परत पहिला घेतला, जणू एवढ्यात तो सुधारला असेल!

नेहाने तोवर फोनवर शोधलं होतं. "काका," ती हळूच म्हणाली, "अमेरिकेची सगळी कॉइन्स अशीच असतात. ऑल ऑफ देम. दे मेक देम लाइक दॅट."

सगळ्यांनी एकदम आपापल्या ताटात बघायला सुरुवात केली. मला मात्र ताईंकडे बघवेना. बिचारे सुधाकरराव माझ्यामुळे दुसऱ्यांदा भंगारवाले झाले होते, आणि डबा निघाला होता चॅरिटी शॉपला.

ताईंचे खांदे हलत होते. मी घाबरून जवळ गेलो, तर त्या हसत होत्या. कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत.

"हे गेल्यापासून एवढी हसले नव्हते रे," त्या म्हणाल्या. "डबा माझ्याबरोबरच येणार."

मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, "पण ताई, त्यात विशेष काही नाही हो. एकसुद्धा चुकलेलं नाणं नाही."

"मग ते तुझं भाषण दे इकडे," डब्याचं झाकण उघडत ताई म्हणाल्या. "संग्रहात एक तरी अस्सल चूक हवी."