गंगाखेडच्या पुढचा अर्धा तास

१९७२ चा जानेवारी. लढाई थांबून महिना झाला होता, पण आमच्या हॉस्पिटलात ती थांबली नव्हती. मी मानवतचा, हुद्दा नाईक, काम ॲम्ब्युलन्स चालवायचं. मोठ्या वॉर्डाच्या टोकाला सहा खाटांची एक खोली होती. सर्जननं हात टेकले की पेशंट तिथं यायचा. खोली सांभाळायचे हवालदार वाव्हळे. नर्सिंग असिस्टंट, आमच्याच परभणीकडचे.

वाव्हळेंचे दोन नियम. कुणाला एकट्यानं जाऊ द्यायचं नाही, म्हणून खाटेजवळ स्टूल आणि स्टुलावर ते स्वतः. दुसरा, पेशंटनं विचारलं तर खोटं बोलायचं नाही. "बरा होईन का?" म्हटलं की ते "न्हाई" म्हणायचे आणि तिथंच बसून राहायचे. मला आधी लय राग यायचा. माणूस आहे का धोंडा, असं वाटायचं. मग बघितलं, ज्याला ते "न्हाई" म्हणत तोच त्यांचा हात सोडत नसे.

सिपाही दत्तू राणीसावरगावचा. पोटात बॉम्बचे तुकडे. दोन ऑपरेशनं झाली, तिसरं होणार नव्हतं. त्यानं विचारलं, वाव्हळेंनी सांगितलं. तो म्हणाला, "मग मला आईजवळ न्या."

हॉस्पिटलच्या मेजरसाहेबांनी परवानगी दिली. निघताना मला बाजूला घेतलं.

"पेशंट वाव्हळेचा. वाव्हळे तुझा. त्याला खाऊ घाल, झोपव. समजलं?"

"यस सर."

यस सर म्हणायला काय जातं? तीन दिवसांच्या रेल्वेत त्या बाबानं डोळ्याला डोळा लावला नाही. मी दिलेली पुरी "खातो नंतर" म्हणून खिशात टाकायचे. मनमाडला गाडी बदलताना खिसा चाचपला, तर सहाच्या सहा पुऱ्या आत.

परभणीला सकाळी अकराला उतरलो. पुढचा रस्ता खड्ड्यांचा, जीपमध्ये दत्तूला सोसलं नसतं. माझ्या मामाचा ट्रक मानवतहून कापूस घेऊन आला होता. मी म्हणालो, "मामा, माल उतरवू नका." मामानं स्ट्रेचरकडं बघितलं आणि किल्ली दिली. सुट्या कापसात जागा करून आम्ही स्ट्रेचर ठेवलं. दत्तू हसला. "लय मऊ हाय की. असं अंथरूण आमच्या सरपंचाला बी नसंल."

मी बैलगाडीच्या चालीनं ट्रक हाकला. वाव्हळे मागं, दत्तूजवळ. गंगाखेड ओलांडल्यावर उतरून बघितलं, तर वाव्हळेंचे हात थरथरत होते. तीन वाजता द्यायच्या, कळ थांबवायच्या इंजेक्शनची सिरिंज त्यांना धड धरता येईना. मी बॉनेट उघडलं.

"रेडिएटर तापलंय, हवालदारसाब. अर्धा तास लागंल. लिंबाखाली जरा पडा. याच्याजवळ मी बसतो."

"काय झालं तर उठीव."

"उठवतो."

पाठ टेकताच ते घोरायला लागले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी कापसात दत्तूजवळ बसलो.

पाच मिनिटांत त्याला कळ आली. रस्त्यानं पोट हलवलं होतं. त्यानं माझं मनगट धरलं. तोंडातून आवाज नाही.

"उठवू त्यांना?"

"नगं. गाडी तापली न्हाई, मला ठाव हाय." दम घेऊन म्हणाला, "दादा किती दिसाचा जागा हाय. तुमी अर्धा तास म्हणलात नं? अर्धा तास."

मी घाबरलो होतो, खरं सांगतो. इथंच गेला तर त्याच्या आईला काय तोंड दाखवू? आणि उठवलं, तर त्या हातांनी सुई कशी टोचणार? दत्तूनं विचारलं, "किती झालं?"

"बारा मिनटं."

"मंजे अठरा ऱ्हायली."

नखं रुतत गेली. मी हात हलवला नाही. दोन चाळीसला तो म्हणाला, "आता उठवा."

वाव्हळे उठले. हात स्थिर होता. इंजेक्शन दिलं, दत्तूचा चेहरा सैल झाला.

साडेपाचला राणीसावरगाव आलं. म्हातारी दारातच उभी होती. लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, तसा तो म्हणाला, "आई, आधी दादाला वाढ. तीन दिस जेवला न्हाई." म्हातारीनं वाव्हळेंना नाव-गाव काही विचारलं नाही. पाट मांडला, भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं. वाव्हळे खाली मान घालून सगळं जेवले.

दत्तू दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. डोकं आईच्या मांडीवर, हात वाव्हळेंच्या हातात.

परतताना वाव्हळे माझ्या शेजारी बसले. तो लिंब आला तसं म्हणाले, "गाडी तापली नव्हती, न्हवं?"

"न्हाई."

"मी झोपलो तवा त्याला कळ आली?"

"न्हाई," मी म्हणालो.

स्टिअरिंगवरची माझी बाही वर सरकली होती. मनगटावर नखांच्या चार खुणा, रक्त सुकलेलं. वाव्हळेंनी त्या बघितल्या. औषधांची पेटी उघडली, कापसाचा बोळा आयोडीनमध्ये बुडवला आणि चालत्या गाडीत एकेक खूण पुसली.

वाव्हळेही आता नाहीत. राणीसावरगावच्या एसटीनं जाताना तो लिंब दिसतो. दत्तूची आठवण लय येते. मी बाही वर करून बघतो. खुणा कधीच गेल्यात.