दादाला विचारून

टेलरबाईचा भाऊ तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. दादाच्या शर्टाची बटणं ती लावायची, दादाची नखं ती कापायची, रस्ता ओलांडताना दादाचं मनगट ती धरायची. तरी दादा तो दादाच. आणि दादा तिला ‘बाळ’ म्हणायचा. ती जन्मली तेव्हा कुणीतरी तिला त्याच्या मांडीवर ठेवून ‘हे बघ, बाळ’ असं सांगितलं होतं. त्याने ते डोक्यात ठेवलं ते ठेवलं. पुढे बाळाचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण दादाच्या लेखी बाळ ते बाळच.

दादाची बुद्धी जन्मापासून हळू चालायची. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं होतं, घरात ते कधी कुणी उच्चारलं नाही. त्याच्याजवळ शब्द थोडे. तेही तो आतून एकेक करून, पारखून बाहेर काढायचा, आणि ऐकणाऱ्याला तेवढा दम नसायचा. मग ऐकणाराच त्याचं वाक्य पुरं करून मोकळा व्हायचा. या कामात टेलरबाईचा हात कुणी धरला नसता. दादाने नुसतं ‘मला’ म्हटलं की ती म्हणायची, “पाणी हवंय त्याला.” आणि दादा ते पाणी निमूट प्यायचा. तहान असो वा नसो.

रस्त्याला लागून खाली दोन खोल्या आणि मागे एक खोलीवजा कोपरा, एवढं त्यांचं घर. खिडकीशी मशिन. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, वाढत्या पोटांसाठी कंबर सोडणं आणि आजारातून उठलेल्यांसाठी आवळणं, यावर तिचं बरं चाललं होतं. दादा शेजारी स्टुलावर बसायचा. कात्री, गॅस आणि रस्ता या तिन्हींपासून तिने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. लग्नाचं दोनदा जमत आलं होतं. दोन्ही वेळा समोरून ‘भावाचं काय?’ असा प्रश्न आला, आणि दोन्ही वेळा तिने पाहुण्यांना दार दाखवलं. आईने जाताना तिच्याकडून कसलंही वचन घेतलं नव्हतं. ते तिने स्वतःच घेतलं होतं, आणि असं वचन फार वाईट. त्यातून सोडवायलाही कुणी नसतं.

समाजकल्याण खात्यातल्या एक बाई वर्षातून एकदा चौकशीला यायच्या. चपला बाहेर काढून, मशिनजवळच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत त्या दर वेळी तेच सांगायच्या. दिवसभरासाठी एक केंद्र आहे. काही दिवस ठेवायची सोय आहे. दादांसारखी पाचसहा माणसं मिळून राहतात असं एक घर आहे, मदतनीस असतात, खर्च सरकारचा.

“मी धडधाकट असताना?” टेलरबाई म्हणायची. “लोक काय म्हणतील?”

“लोक येतात का हो त्यांना आंघोळ घालायला?”

यावर टेलरबाई चहाचा कप पुढे सरकवायची आणि ‘बघू’ म्हणायची. तिचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे खात्यातल्या बाईंना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी त्या पुढच्या वर्षी हजर.

मग एका सकाळी ओल्या पायरीवरून टेलरबाईचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. तिला उचलून नेत होते तेव्हा ती दुखण्याने नाही, “दादा, दादा” म्हणून ओरडत होती. दादा दारात एक चप्पल घालून उभा. शेजारणीने दोन दिवस सांभाळलं, तिसऱ्या दिवशी हात जोडले. शेवटी खात्यातल्या बाईच आल्या आणि त्याला त्या घरी घेऊन गेल्या.

हॉस्पिटलात टेलरबाईचा जीव टांगणीला लागलेला. जेवला असेल का, कुणी हसत असेल का, रडत असेल का. फोन केला की तिकडून “मजेत आहेत” एवढंच. मजेत? तिला ते खोटं वाटायचं. आणि खरं असेल तर, या विचाराने जास्तच कसंसं व्हायचं.

काठी टेकत चालता यायला लागल्यावर ती रिक्षा करून थेट तिथे गेली. जुनं बैठं घर, पुढे सायकली, दोरीवर वाळत घातलेले मोठमोठे शर्ट. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात दादा गॅससमोर उभा होता. पातेल्यात चहा उकळत होता, मदतनीस मुलगी खिडकीशी भाजी निवडत होती, आणि तिचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं.

“दादा! भाजेल!”

दादाने वळून पाहिलं. गॅस बंद केला. मग तोंडभर हसला. “बाळ. बस.”

चहा पाकासारखा गोड होता. तिने तो संपवला आणि म्हणाली, “चल, घरी जाऊ.”

“नाही,” दादा म्हणाला.

“नाही म्हणजे उद्या म्हणतोय तो,” तिने मुलीला समजावलं.

दादाने थोडा वेळ घेतला. “नाही,” तो पुन्हा म्हणाला.

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. यांनीच काहीतरी भरवलं त्याच्या डोक्यात! तिने खात्यात धाव घेतली. मी सख्खी बहीण, त्याचं बरंवाईट मी ठरवणार, तसं लिहून द्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोघांना बोलावून घेतलं. टक्कल पडलेले, कानाला यंत्र लावलेले गृहस्थ. तिचं सगळं शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, “आणि दादांना विचारलं का?”

“त्याला काय कळतंय साहेब?”

“तेच बघू,” असं म्हणून त्यांनी खुर्ची दादाकडे वळवली. समोर दोन फोटो ठेवले, एक तिच्या घराचा, एक त्या घराचा. “दादा, तुम्हाला कुठे राहायचंय?”

आणि ते थांबले. नुसते थांबले. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं. दादा फोटोंकडे बघत होता. टेलरबाईच्या ओठांवर त्याचं उत्तर तयारच होतं. तिने तोंड उघडलंही, पण शेजारी बसलेल्या खात्यातल्या बाईंनी तिच्या कोपरावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती भावाच्या शब्दासाठी थांबली. थांबणं इतकं जड असतं हे तिला माहीत नव्हतं.

“इथे,” दादाने त्या घराच्या फोटोवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या फोटोवर. “रविवारी. बाळ.”

साहेबांनी फोटो आलटून-पालटून ठेवून, शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर बदललं नाही.

“कायद्याने तुम्ही त्यांना मदत करायची आहे ताई,” ते म्हणाले. “त्यांच्याऐवजी जगायचं नाही.”

घरी येऊन ती खूप रडली. एवढं केलं ते पालथ्या घड्यावर पाणी, असं भिंतींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन पार मशिनवर आलेलं. कित्येक वर्षांत ती इतकी झोपली नव्हती. अंग हलकं झालं होतं, आणि त्या हलकेपणाची तिला अशी लाज वाटली की दुपारपर्यंत तिने स्वतःला चहासुद्धा दिला नाही.

दिवस जातात तसे गेले. रविवारी मदतनीस मुलीबरोबर दादा बसने यायचा. एकदा भाजी चिरून दाखवली. एकदा सांगितलं, “मित्र.” कोण मित्र, कसला मित्र, हे तिने विचारलं आणि अर्धा तास वाट बघून तिला एवढंच कळलं की तो दाढी ठेवतो. पण ते तिला दादाने सांगितलं होतं, स्वतः.

मग एका रविवारी दादा आला नाही. फोनवर ‘आज जमणार नाही’ एवढंच. टेलरबाईने हातातली पँट तशीच टाकली आणि निघाली.

दार आतून बंद. नव्या व्यवस्थापकाने ते उघडलं. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणारा माणूस. दादा पलंगावर नुसते पायमोजे घालून बसला होता. “बूट नाही,” तो म्हणाला.

सगळ्यांच्या बूट-चपला एका कपाटात होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. मदतनीस मुलगी बदलून गेली होती, माणसं कमी पडत होती, म्हणून व्यवस्थापकाने हा उपाय काढलेला. बूट नाहीत म्हणजे कुणी बाहेर जाणार नाही.

“त्यांच्या सुरक्षिततेसाठीच आहे बाई.”

टेलरबाई पेटली. आणि खरं सांगायचं तर, त्या आगीत थोडा आनंदही होता. म्हटलं नव्हतं मी! तिने पलंगाखालची पिशवी ओढली आणि त्याच्या कपाटातले कपडे भराभर कोंबायला सुरुवात केली. शर्ट, स्वेटर, टॉवेल. पिशवी काही भरेना. वळून बघते तर दादा दुसऱ्या बाजूने एकेक कपडा काढून, घडी घालून, पुन्हा कपाटात ठेवत होता.

ती मटकन पलंगावर बसली. मग म्हणाली, “दादा, तुला काय पाहिजे?”

आणि थांबली. या वेळी कोपरावर कुणाचा हात नव्हता.

“बूट,” दादा म्हणाला. मग, खूप वेळाने, खोलीभर नजर फिरवून, “घर हेच. बूट पाहिजे.”

दारामागच्या फळ्यावर तक्रारीचा नंबर होता. टेलरबाईने तो फिरवला. योगायोग म्हणा, फोन त्याच टकल्या साहेबांकडे गेला. “तक्रार तुमची की दादांची?” त्यांनी विचारलं. उत्तर न देता तिने फोन दादाच्या कानाला लावला. बराच वेळ दोन्हीकडे शांतता. मग दादाचा आवाज आला, “बूट. कपाट. कुलूप.” आणि थोडं थांबून, “बाहेर जायचंय.”

दोनच दिवसांत तपासणीला माणसं आली. टेलरबाईही तिथे होती. व्यवस्थापक आधी वाद घालत राहिला, मग अचानक त्याचा आवाज फाटला. आधीच्या नोकरीत त्याच्या देखरेखीतला एक माणूस रस्त्यावर निघून गेला होता, परत आलाच नाही. “उद्या कुणी गाडीखाली आलं तर? तुम्ही येणार आहात का उचलायला?”

टेलरबाई त्याच्याकडे बघत राहिली. चांगला फैलावर घ्यायचा असं ठरवूनच ती आली होती. पण ती भीती तिच्या ओळखीची निघाली. ती स्वतः त्या भीतीसोबत जन्मभर राहिली होती. तिचं कुलूप लोखंडाचं नव्हतं, एवढंच.

“मग सोबत जा,” तपासणीसबाई त्याला म्हणाल्या. “माणसं कमी असतील तर मागा. आम्ही तसा शेरा देतो. पण बूट ज्याचे त्याच्याजवळ.”

कुलूप निघालं. दोन मदतनीस मिळाले, पण त्यासाठी टेलरबाईला खात्याच्या पायऱ्या काठी टेकत बऱ्याचदा चढाव्या लागल्या. व्यवस्थापकाने महिन्याभराने दुसरीकडे बदली मागून घेतली. जाताना दादाने त्याला चहा करून दिला. बिचाऱ्याने तो पुरा प्यायला.

आता त्या घराच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या पालकांच्या समितीत टेलरबाई आहे. तिथे ती फार बोलते, इतरांची वाक्यं तोडते, आणि मग स्वतःच कानाला हात लावते.

मध्यंतरी काम वाढलं. कपडे ठेवायला जागा पुरेना. मागच्या कोपऱ्यात दादाचा पलंग आठवडाभर नुसताच पडून असतो. तो काढून तिथे कपाट करावं, असं तिच्या मनात आलं. सुतार येऊन माप घेऊन गेला. रविवारी तिने दादाला तो कोपरा दाखवला, सगळं समजावलं, आणि विचारलं, “काढू का पलंग?”

दादा पलंगावर बसला. उशी चाचपून पाहिली. भिंतीकडे बघितलं. टेलरबाई थांबली, तोवर चहा निवला.

“नको,” दादा म्हणाला.

“विचारलं की असं होतं,” पुढच्या भेटीत तिने खात्यातल्या बाईंना ऐकवलं. ग्राहकांचे कपडे ओट्याखाली, दारामागे, खुर्च्यांवर रचून ठेवलेले होते. बाईंना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या उभ्यानेच चहा प्यायल्या.