क्लब हलला तो माझ्यामुळे

हे मी मेधालाही सांगितलेलं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, माझ्या शर्टाचं कुठलं बटण सैल आहे हेसुद्धा तिला माहीत असतं — पण हे नाही. पोलिसात जाण्यासारखं यात काही नाही. एक पत्र होतं, एवढंच. पण तुम्हाला आधी क्लबबद्दल सांगतो, नाहीतर त्या पत्राचं काय एवढं, असं वाटेल.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. पुण्याहून आम्ही पामर्स्टन नॉर्थला आलो. मी तिथल्या एका संशोधन संस्थेत, शीतगृहांच्या कामावर. शेजारी रॉस राहायचा. साठीचा, बायको गेलेली, मूळचा शेजारच्या ऑस्ट्रेलियाचा. रग्बीवेड्या या देशात त्याने तरुणपणी आपल्या गावचा फुटबॉल आणला आणि एक क्लब काढला. ऑस्ट्रेलियन रूल्स — लंबगोल चेंडू, क्रिकेटचं गोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू लाथेने मारायचा, हाताने पकडायचा, वर उडी मारून दुसऱ्याच्या खांद्यावर चढलं तरी चालतं! मला भयंकर कुतूहल वाटलं. एका शनिवारी कुंपणापाशी उभा राहून बघत होतो, तर रॉसने माझ्या हातात पांढरा कोट आणि दोन झेंडे दिले. "अवि, मधल्या दोन खांबांमधून गेला तर दोन्ही झेंडे हलव. बाजूने गेला तर एक." झालं, मी गोल अंपायर झालो. पुढच्या वर्षी सेक्रेटरी.

क्लबकडे पैसे कधीच नसायचे. आम्ही सरपण फोडून विकायचो, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजायचो. मी, जन्मात मांसाला हात न लावलेला माणूस, चिमट्याने सॉसेज उलटायचो आणि हिशेब ट्रिश ठेवायची. ट्रिश शाळेच्या ऑफिसात नोकरीला. तिचा नवरा रॉसबरोबर पहिल्या टीममध्ये खेळलेला. तो तिला सोडून गेला, पण ती क्लबला सोडून गेली नाही. आम्ही कार्यक्रमाला गेलो की मेधासाठी न विसरता बिनअंड्याचा केक वेगळा काढून ठेवणारी बाई. आमचे रंग हिरवा आणि केशरी. रॉसच्या बायकोने निवडलेले.

मग कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, मैदानाचं भाडं वाढवलं. आम्हाला ते झेपणारं नव्हतं. चाळीस मिनिटांवरच्या एका गावातला रग्बी क्लब म्हणाला, आमच्याकडे या, मैदान फुकट. अट एकच — नाव आणि रंग त्यांचे. मीटिंगमध्ये रॉस उठून उभा राहिला. म्हणाला, "नाव गेलं, रंग गेला, गाव गेलं, मग हलवायला उरलं काय?" कौन्सिलकडे सवलत मागायची असं ठरलं. विनंतीचं पत्र मीच लिहिलं. चांगलं लिहिलं होतं.

आता येतो मुद्द्यावर. येतोय — जीभ अडते आहे, एवढंच.

क्लबच्या पोस्ट बॉक्सला दोन किल्ल्या होत्या, एक ट्रिशकडे, एक माझ्याकडे. टपाल नेहमी तीच काढायची. त्या दिवशी मी सहज तिथून जात होतो म्हणून उघडला. कौन्सिलचं उत्तर आलं होतं. छोट्या खेळांसाठी सवलत मिळू शकते, सोबतचा अर्ज भरून महिनाअखेरीपर्यंत पाठवा, तोवर मैदान राखून ठेवतो. एका पानाचा अर्ज. दहा मिनिटांचं काम.

मी ते पत्र गाडीत बसून दोनदा वाचलं. घरी आणलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मधोमध घातलं आणि मंगळवारी रद्दीच्या गाडीसाठी गठ्ठा फाटकाबाहेर ठेवला. गाडी आली, गठ्ठा उचलला, गेली. मी खिडकीतून बघत होतो.

का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय! शनिवार मोकळे मिळावेत म्हणून? नाही, मला तो खेळ आवडायचा. रॉसवर राग होता? मुळीच नाही. मग?

त्याच आठवड्यात आमची सानिका, सात वर्षांची, शाळेतून आली. मी मराठीत काही विचारलं तर म्हणाली, "बाबा, कॅन यू जस्ट टॉक नॉर्मल?" मी हसलो. इथे आल्यापासून सगळ्यांनी हेच सांगितलं होतं — अविनाशचा अवि कर, डबा घरीच खा, जमवून घे. आम्ही घेतलं. आणि हा रॉस! तीस वर्षं परक्या देशात आपलं गाव जसंच्या तसं मांडून बसलेला. मला वाटलं — कसं सांगू — मला बघायचं होतं. हा उपटला गेला तर काय होतं? नाव, रंग, मैदान काढून घेतल्यावर याच्याजवळ काय उरतं? माझ्याजवळ जेवढं उरलं तेवढंच, की जास्त? दुसऱ्याच्या मुळांवर प्रयोग करावा असं कुतूहल माणसाला होऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

महिना संपल्यावर रॉस स्वतः कौन्सिलमध्ये गेला. तिथल्या मुलीने पत्राची प्रत दाखवली. म्हणे, आम्ही कळवलं होतं, तुमच्याकडूनच काही आलं नाही. त्या संध्याकाळी क्लबच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. रॉसने ट्रिशकडे बघितलं. "बॉक्स तू उघडतेस."

ट्रिश चिडेल, भांडेल, असं मला वाटलं. ती खुर्चीवर बसली. तिच्या आईला त्या वर्षी विसरण्याचा आजार जडला होता. म्हातारी ट्रिशला नर्स समजायची. ट्रिश हळू आवाजात म्हणाली, "काढलं असेल मी. कुठे ठेवलं ते आठवत नाही." आणि माझ्याकडे वळून, "अवि, मलाही आईसारखं होतंय का रे?"

मी काय केलं असेल? तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "होतं असं कधीकधी."

तिने बॉक्सची किल्ली टेबलावर ठेवली. नंतर ती क्लबमध्ये आली नाही.

आम्ही हललो. दर शनिवारी चाळीस मिनिटं गाडी चालवायची, रग्बीच्या मैदानावर तात्पुरते खांब रोवायचे, संध्याकाळी उपटायचे. टीममधल्या विद्यार्थ्यांकडे गाड्या नव्हत्या, ते गळले. नवे शर्ट निळे होते. कडेला उभा राहून रॉस जुन्याच नावाने टीमला हाका मारायचा, अर्ध्यात थांबायचा, नवं नाव घ्यायचा. मी झेंडे हातात धरून हे बघायचो. मला जे बघायचं होतं ते हेच होतं ना? दिसलं. साठीचा एक माणूस, स्वतःच्याच क्लबचं नाव चुकणारा. दुसऱ्या हंगामानंतर क्लब बंद झाला आणि रॉस घर विकून बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला गेला. विमानतळावर मीच सोडलं. उतरताना म्हणाला, "ट्रिशशी मी फार कठोर वागलो. भेटली तर सांग." मी हो म्हणालो.

ती भेटली. तीनेक वर्षांनी, सुपरमार्केटमध्ये, पिठांच्या रांगेत. प्रेमाने मिठी मारली, सानिकाची चौकशी केली. रॉसचा निरोप माझ्या ओठांवर आला होता, पण तो दिला असता तर पत्राचा विषय निघाला असता. तो तिनेच काढला. "अवि, ते पत्र सापडलं का रे कधी?"

तिचा चेहरा साधा होता. संशय नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग पर्समधून एक छोटी वही काढून दाखवली, जराशी लाजून. त्या दिवसापासून ती सगळं लिहून ठेवते म्हणाली — गॅस बंद केला, दार लावलं, कोणाशी काय बोलले. डोक्यावर भरवसा नाही राहिला. माझ्यासमोरच तिने पेन उघडलं, तारीख घातली आणि लिहिलं: अवि भेटला. पत्र सापडलं नाही.