एका घरात दोन चुली

लग्नाची पत्रिका आली की आमची कौसाबाई ती देवळीत ठेवायची आणि विसरून जायची. पण कुणी वारलं, कुठं माती आहे असं कळलं, की थापत असलेली भाकर परातीत टाकून उठायची. मग ते घर आमच्या पक्षाचं असो नाहीतर समोरच्यांचं. लोक म्हणायचे, पंचायत समितीची मेंबर आहे, लग्नात जावं, अक्षता टाकाव्यात, फोटोत दिसावं. ती म्हणायची, "लग्नाला सत्तेवाले जातेत. इरोधकानं मातीला जावं. तिथं मानूस खरं बोलतंय."

कौसाबाई म्हणजे माझी बायको. या थंडीत गेली. मला लिहायची सवय नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण ती गेल्यावर पक्षाच्या पोरांनी वेशीत मोठा बोर्ड लावला, त्यावर तिला 'कार्यसम्राज्ञी' केलं. तो शब्द तिला उच्चारता आला नसता. वाचून मला राग आला. ती सम्राज्ञी नव्हती. एक गोष्ट तिच्या हातून चुकली होती आणि ती दुरुस्त करता करता ती गेली. तेवढं कुणीतरी लिहावं म्हणून मी बसलोय.

आमचं गाव सेलूपासून आत, दुधनेच्या काठाला. ती बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावरून पदर. आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर नदीपल्याडचा माणूस मागं वळून बघायचा. आमची जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा पक्षाचे लोक माझ्याकडं आले होते, तिच्याकडं नाही. बॅनरवर माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता. सगळे धरून चालले होते, की बाई सही करेल आणि खुर्चीवर बाप्या बसेल. मीही तसंच धरलं होतं, खोटं कशाला सांगू. पहिल्या मीटिंगला नवी टोपी घालून तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आवं, तुमी भाईर बसा. चहा तिथं बी मिळतोय." सगळं सभागृह हसलं. मी बाहेर शिपायाच्या बाकावर जाऊन बसलो. तिथं आणखी दोघं मेंबरणींचे नवरे होते. पाच वर्षं आम्ही तिथं तंबाखू मळली.

सभागृहात सत्तेवाल्यांचे लोक भरपूर, आमचे मूठभर. मंजुरी त्यांची, नारळ त्यांचा, पाटीवर नाव त्यांचं. तिनं भांडून पोरींसाठी सकाळची एस.टी. सुरू करून घेतली, तर पहिल्या दिवशी गाडीला हार घालायला दुसरेच उभे. मी चिडलो. ती म्हणाली, "हार गाडीला घातलाय ना? मंग झालं. पोरी गेल्या का साळंत, ते बघा." तिचं म्हणणं असं, की विरोधकाच्या हातात द्यायला काही नसतं, फक्त विचारता येतं. म्हणून ती विचारायची. हातपंप बंद का, अंगणवाडीची खिचडी पातळ का, नर्सबाई येत का नाही. साहेब लोक तिला बघून फाईल उघडून बसायचे, वाचत नसले तरी.

तिचं खरं काम निराधारांच्या पगाराचं. आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात. विधवा, म्हातारी माणसं, ज्यांच्या शेतात काही पिकत नाही, हातात काही राहिलेलं नाही, त्यांना सरकार महिन्याला देतं ते. एका वर्षी पाहणी झाली आणि गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचा पगार बंद पडला. कारण काय, तर घरात कमावता पोरगा आहे. पोरगा आहे म्हणजे आधार आहे, आधार आहे म्हणजे निराधार नाही. नियम असा.

हे तिला कळलं तेही एका मातीतच. गयाबाई म्हणून आमच्या गल्लीतली म्हातारी. तिची जाऊ वारली होती, आणि गयाबाई रडता रडता म्हणाली, बरं झालं सुटली, माझा तर पगार बी गेला. तिचा पोरगा नामदेव दुसऱ्याच्या शेतात सालगडी, त्याला तीन लेकरं. पगार आला की गयाबाई आपल्या गोळ्या आणायची, नातवंडांना भेळ आणायची, आणि घरात तिच्या बोलण्याला वजन असायचं. पगार गेला आणि ते वजनही गेलं.

कौसाबाईनं मीटिंगमध्ये विचारलं, "पोरगा हाय म्हून माय जेवलेली आसती का? कोन बघून आलंय?" उत्तर मिळालं, नियम वरून आलाय, बदलायचा तर तुमचं सरकार आणा. परत हसले. बाहेर आल्यावर एका भल्या कारकुनानं तिला हळूच वाट सांगितली. म्हणाला, बाई, पोरगा विभक्त दाखवा. रेशनकार्ड वेगळं करा. चूल वेगळी असली की म्हातारी निराधार होते.

ती आनंदानं घरी आली. संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळ्या म्हाताऱ्या आणि त्यांची पोरं गोळा केली. मी तिथंच होतो. ती म्हणाली, "कागदावर येगळं व्हा. कागद त्येंचा हाय, घर आपलं हाय. जेवा मंग एका ताटात." लोकांनी तसं केलं. कार्डं वेगळी झाली. आणि पगार सुरू होणार तेवढ्यात कुणीतरी उठवलं, की साहेब न सांगता येणार, घरात शिरून चूल बघणार, एकच दिसली तर आजवरचा सगळा पगार वसूल करणार. कुणी उठवलं देव जाणे. साहेब कधीच आला नाही.

पण गयाबाईनं ते मनावर घेतलं. चूल घालण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. नव्या नवरीच्या घरची चूलही तीच घालून द्यायची. तिनं घराला लागून असलेल्या छपरात, सपरीत, दुसरी चूल घातली. नुसती दाखवायला. मग तिच्या ध्यानात आलं, की कोरी चूल बघून साहेब म्हणेल, खोटी आहे. म्हणून काळी व्हावी यासाठी ती रोज सकाळी दोन काड्या पेटवायला लागली. पेटवलीच आहे तर वाया कशाला, म्हणून तिच्यावर चहा. चहा झाला तर एक भाकर. सून काय वाईट नव्हती. पण सासू तिकडं भाकर करते म्हटल्यावर तिनं पीठ मळताना एक मूठ कमी घ्यायला सुरुवात केली. मग मीठ वेगळं झालं, तेल वेगळं झालं. सपरीत वारा येतो म्हणून नामदेवनं मधे पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड घातला, शेणानं सारवला. मायला थंडी वाजू नये म्हणून घातला हो, खरंच. कूड झाल्यावर लेकरांना सांगितलं गेलं, आजीच्या हिश्श्यातलं खाऊ नका.

नामदेव भांडला नाही, सून भांडली नाही, कुणी कुणाला शिवी दिली नाही. असं घर फुटताना मी दुसरं पाहिलं नाही. आणि गयाबाईचं एकच घर नव्हतं, गल्लीत बऱ्याच ठिकाणी दोन-दोन धूर निघायला लागले होते.

कौसाबाईला हे उशिरा कळलं. पगार सुरू झाले होते, म्हाताऱ्या तिची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडत होत्या, ती खुशीत होती. पावसाळ्यात गयाबाई तापली म्हणून ती बघायला गेली, मीही मागं होतो. सपरीतली चूल गार. म्हातारी गोधडीत. कुडाच्या पलीकडून नामदेव जेवत असल्याचा आवाज येत होता, कांदा फोडल्याचासुद्धा. कौसाबाई कूड ओलांडून तिकडं गेली आणि म्हणाली, "नामदेवा, तुझी माय काय जेवली रे?"

तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "अक्का, तुमीच तर म्हनलात, येगळं व्हा."

"कागदावर म्हनले व्हते मी."

"आमाला कुठं येतंय अक्का, कागदावर येगळं आन घरात एक. आता सवय झालीय. तिला बी, आमाला बी."

त्यात त्याची चेष्टा नव्हती. तो खरं तेच बोलला. म्हणूनच ते तिला लागलं. घरी येऊन ती अंगणात बसली. मी म्हटलं, अगं, तू पगार आणलास, त्यांनी चूल वेगळी केली, तुझा काय दोष. ती म्हणाली, "नियम खोटा व्हता. मी त्येला खरा करून दिला."

तिथून पुढं तिला एकच हवं होतं. म्हाताऱ्यांचा पगारही राहावा आणि त्या पोराच्या ताटात जेवाव्यात. दोन्ही. पण यासाठी नियम बदलायला लागत होता, आणि नियम कसा चुकतोय हे सांगायचं तर आमच्या गावात काय झालं ते सांगायला लागत होतं. ते सांगितलं की पगार बंद. पुढच्या मीटिंगला ती उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. सगळे वाट बघत होते, आता ही काय विचारते. तिनं चष्मा काढला, पुसला, घातला, आणि काही न विचारता खाली बसली. समोरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बाईचा आज उपास दिसतोय. पाच वर्षांत तिचं तोंड त्यांना बंद करता आलं नव्हतं, ते तिचं तिनंच केलं.

परभणीला आमच्या पक्षाच्या आमदारांकडं गेली. ते ऐकून घेणारे आहेत. म्हणाले, मी विधानसभेत मांडतो, पण नुसतं बोलून भागत नाही, खरं उदाहरण पाहिजे, जितं माणूस, नाव-गावासकट. कुणाचं नाव देणार? ज्याचं देईल त्याचा घास जाणार. नाव न देताच ती रेल्वेनं सेलूला परतली.

मग मुदत संपली. पुढं इलेक्शन काही लागेना, सगळा कारभार प्रशासक म्हणून नेमलेल्या साहेबाच्या हातात गेला. तिची खुर्ची गेली, पण ती रोज दिवे लागायच्या वेळी नामदेवच्या दारात जाऊन उभी राहायची. रोज एकच. "तुझी माय काय जेवली रे आज?" त्याला माहीत नसायचं. मग तो कुडातून विचारायचा, माय, काय केलं गं? पलीकडून उत्तर यायचं, पिठलं. तेवढंच दोघांचं दिवसाचं बोलणं. सून वैतागायची. एकदा नामदेवही म्हणाला, अक्का, आता मेंबर न्हाई तुमी. ती म्हणाली, "म्हून तर येळ हाय मला."

तिचं हृदय थकलं होतं. परभणीच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. शेवटच्या आठवड्यात नामदेव भेटायला आला. उशाशी बसला आणि तिनं काही म्हणायच्या आतच बोलला, "माय आज वांगं-भाकर जेवली, अक्का."

तिनं डोळे उघडले. "निस्तं इचारलंस, का वाढलंस?"

त्यानं मान खाली घातली. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि परत डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेली.

आता माझं. माझा पोरगा दिगंबर गावातच असतो, कोरडवाहू तुकडा कसतो आणि मोसमात मानवतला कापसाच्या जिनिंगवर जातो. पोर गुणाचं आहे. ती जाऊन महिना झाल्यावर तो चाचरत म्हणाला, "बाबा, तुमाला पगार बसतोय. औशिदाला व्हईल. निस्तं कार्ड येगळं करावं लागतंय. ओसरीत एक शेगडी ठिवू, दाखवायला." सून दाराआड उभी होती. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. नामदेवच्याही नव्हतं. माझ्या गोळ्या खरंच महाग आहेत आणि पोराची ओढाताण मला दिसते. मी त्याला म्हटलं, शेगडी या घरात आणलीस तर मी ती आडात टाकीन. तो रागानं उठून गेला.

त्याच आठवड्यात आमदार सांत्वनाला आले. चहा झाला, कौसाबाईचं कौतुक झालं. उठायला लागले तसं मी म्हटलं, "साहेब, तिला तुमी एक नाव मागितलं व्हतं. तिला देता आलं न्हाई. माझं घ्या."

त्यांना आधी उमजलं नाही. मी सांगितलं. मी किसन, वय झालेलं, शेत नावाला, बायको मेलेली. मला पोरगा आहे आणि मी त्याच्या ताटात जेवतो, म्हणून मला पगार नाही. माझं बंद करायलाच काही नाही, तर माझं नाव घ्यायला भ्यायचं काय?

ते परत खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "काका, पेपरात येईल. लोक म्हनतील, मेंबरीणबाईचा नवरा पगारासाठी हात पसरायलाय. अक्काच्या नावाला बरं दिसंल का?"

मी म्हटलं, "न्हाई दिसनार. तरी घ्या."

त्यांच्या सोबतच्या माणसानं नाव लिहून घेतलं. दिगंबर ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा शरमेनं काळा पडला होता. गावात चार लोकांत त्याला उद्या काय ऐकायला लागणार, हे मला कळत होतं. मी ते थांबवू शकत नव्हतो. गाडी गेल्यावर तो आत गेला, तांब्या भरून आणला, माझ्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाला, "चला, जेवून घ्या."

वरून अजून काही कळलेलं नाही. गयाबाईच्या सपरीतून धूर निघतोच आहे.