वालाच्या गाठी

माझी गिरजाआत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. शेणव्याला एकटीच राहते. तिच्या हाताला म्हणून चैन नाय. पेरून पंधरा दिवस झाले की ही बाई रोप उपटून बघणार, मूळ कसं धरलंय! बघायचं आणि परत खोचायचं. कल्याणला जंतुशास्त्र शिकणारी मी, किती वेळा ओरडले असेन, "आत्या, वर वाढतंय ना, मग खाली कशाला बघतेस?" तर म्हणे, "वरचं दाखवायला असतं गो. खरं काय ते खाली."

दोन वर्षं तिचा वाल मर लागून, उभाच सुकून गेला. तिच्या आईने लग्नात पदरात बांधून दिलेलं बियाणं ते. ओंजळभरच उरलं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या घरी ते नव्हतं. भातकापणी झाल्यावर मी जिवाणू खताची पुडी नेली, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळली, सावलीत सुकवलं आणि आमी दोघींनी पेरलं. रोपं काय सुंदर आली! मी निर्धास्त परीक्षेला गेले.

महिन्याने फोन आला. "निशे, वाल गेला गो. मुळांना गाठी आल्यात, मागे भेंडी मेली तेव्हा आलेल्या तशाच. सगळी उपटून टाकते."

"थांब! हात नको लावू!" मी किंचाळले. फोन कट. मग लागेचना. मिळेल ती गाडी धरली. कशीबशी पोचले, तर बांधावर रोपांचा ढीग, पानं मान टाकलेली. आत्या शेवटच्या ओळीत वाकलेली. मी तिचा हातच धरला.

"डोकं फिरलंय का तुझं!" असं म्हटलं खरं, पण राग माझाच मला येत होता. गाठी येणार, हे तिला सांगायचं मीच विसरले होते.

मी एक गाठ नखाने फोडली. आतून लालसर निघाली. "बघ. भेंडीचं मूळच सुजलं होतं, आत कृमी शिरून. ही गाठ बोटाने सुटते. आत जंतू आहेत, हवेतून खत करून देणारे. मुळाला ओळख असते आत्या. चांगला जंतू जवळ आला की मुळाची काही जनुकं जागी होतात, आणि मूळच त्याला राहायला गाठ बांधून देतं. मर लावणारा आला की दुसरी जागी होतात, त्याला अडवायला."

आत्या त्या गाठीकडे बघत राहिली. "मुळाला कळलं," ती म्हणाली, "आणि मला नाय कळलं." मग "आये गो" म्हणत तिथेच मातीत बसून रडली.

अकरा रोपं वाचली. शेंगा वाळेपर्यंत ती शेताकडे फिरकली नाय. दर शनिवारी मी बघून आले की दारातच विचारायची, "हायत ना?"

शेवटी बियाणं घेऊन मी तिच्यासमोर उभी राहिले. मूठभरसुद्धा नव्हतं. तिच्या ओंजळीत ओतायला गेले, तर तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तुझ्याजवळच ठेव," म्हणाली. "आणि कुठे पेरशील ते मला सांगू नको."